खेळाप्रमाणे टेबल टेनिसचं रबर कसं निवडायचं?

मधुरा_डोंबिवली

नमस्कार मंडळी. तयार बॅट सोडून ब्लेड (बॅटचं लाकूड) आणि रबर वेगळं घेतेय. ब्लेड ठरलंय: पाच प्लायचं (थरांचं), पूर्ण लाकडी, ऑलराउंड, ८६ ग्रॅम, फ्लेअर्ड (टोकाला रुंद होणारं) हँडल. खेळ असा आहे: सर्व्हिसनंतर फोरहँड टॉपस्पिन (पुढे फिरणारा चेंडू), बॅकहँडला बहुतेक ब्लॉक आणि पुश, टेबलापासून फार मागे जात नाही. आठवड्यातून चार दिवस, दीड-दीड तास.

गुण दोन ठिकाणी जातात. बॅकहँडला जड अंडरस्पिन (मागे फिरणारा चेंडू) आला की उचलताना चेंडू नेटमध्ये जातो. आणि साइडस्पिन सर्व्हिस घेताना चेंडू उंच उडतो. सल्ले तीन मिळालेत: दोन्ही बाजूंना टेनर्जी रबर लाव, दोन्ही बाजूंना हरिकेन रबर लाव, किंवा बॅकहँडला शॉर्ट पिंपल (बाहेर आखूड दाणे असलेलं रबर) लाव. यातलं काय ऐकू?

---

केदार_टीटी

मधुरा, गुण कुठे जातात ते तुम्ही लिहिलंत हे फार बरं झालं. बहुतेक जण आवडत्या खेळाडूचं नाव लिहितात, आणि त्यावरून रबर सुचवताच येत नाही.

रबराचे दोन भाग असतात, वरचं टॉपशीट आणि खालचा स्पंज. चेंडू हळू लागतो तेव्हा स्पंज जवळजवळ दबतच नाही, सगळं काम टॉपशीट करतं. म्हणजे पुश, शॉर्ट रिसिव्ह, सर्व्हिस. जोरात लागतो तेव्हा चेंडू स्पंजात रुततो आणि स्पंज त्याला परत फेकतो. म्हणजे लूप (भरपूर फिरकीचा टॉपस्पिन), ड्राइव्ह, काउंटर. कुठलंही रबर घ्यायचं तर हे दोन प्रश्न वेगवेगळे विचारा: हळू चेंडूवर ते काय करतं, आणि जोराच्या चेंडूवर काय करतं.

हरिकेन ३ चं टॉपशीट चिकट आणि स्पंज कडक. हळू चेंडूवर उत्तम: पुश खाली राहतो, सर्व्हिसला फिरकी भरपूर मिळते, शॉर्ट टाकलेला चेंडू शॉर्टच राहतो. पण लूप मारताना तो कडक स्पंज दाबायला हाताचा वेग लागतो. फोरहँडला कंबर वळते, खांदा येतो, वेग मिळतो. बॅकहँडला हालचाल कोपर आणि मनगटापुरती असते, तेवढ्यात हा स्पंज जागा होत नाही. म्हणून चिनी पद्धतीने खेळणारे पुष्कळ जण फोरहँडला कडक-चिकट आणि बॅकहँडला मऊ-उसळतं रबर लावतात. दोन्ही बाजूंना हरिकेन लावलंत तर तुमचा पहिला प्रश्न वाढेल.

टेनर्जी ०५ उलट टोकाचं. स्पंज स्वतःहून फेकतो, चेंडूची कमान उंच जाते, अंडरस्पिन उचलायला सोपं पडतं. पण समोरच्याची फिरकी तितकीच जोरात पकडतं. साइडस्पिन सर्व्हिसवर बॅटचा कोन जरा चुकला की चेंडू टेबलाबाहेर. म्हणजे दुसरा प्रश्न वाढेल. आणि किंमतही मध्यम रबरापेक्षा बरीच जास्त.

माझं मत: फोरहँडला मध्यम-कडक टेन्सर (आतून ताण दिलेलं, उसळतं रबर), उदाहरणार्थ झिऑम वेगा प्रो किंवा यासाका राक्झा ७, २.० मिमी. बॅकहँडला वेगा युरोपसारखं मऊ किंवा यासाका मार्क व्ही, १.८ किंवा २.० मिमी. मार्क व्ही १९६९ पासून बाजारात आहे आणि शिकणाऱ्याच्या हातात आजही शोभतं, कारण तुम्ही जेवढं देता तेवढंच ते परत देतं.

---

सांगलीकर

केदारला अनुमोदन, फक्त कडकपणाच्या आकड्यांबद्दल एक भर. बरेच जण इथेच फसतात. टेनर्जी ०५ चा स्पंज ३६, वेगा प्रोचा ४७.५, हरिकेनचा ३९ किंवा ४० असं छापलेलं असतं. हे वाचून वेगा प्रो सगळ्यांत कडक असं वाटतं. तसं नाही. ही तीन वेगवेगळी मापं आहेत: टेनर्जी बनवणाऱ्या बटरफ्लायचं स्वतःचं, जर्मन कारखान्यांचं आणि चिनी. हातात घेतलं तर टेनर्जीचा ३६ आणि वेगा प्रोचा ४७.५ एकमेकांच्या बरेच जवळ वाटतात, आणि हरिकेनचा ३९ दोघांपेक्षा कडक. आकडे एकाच कंपनीच्या रबरांमध्येच ताडून पाहा. वेगा युरोप ४२.५ आणि वेगा प्रो ४७.५, हा फरक खरा. टेनर्जी ०५ चा ३६ आणि ०५ एफएक्सचा ३२, हाही खरा.

आणखी एक. टेनर्जी ०५, ६४ आणि ८० या तिघांचा स्पंज एकच. फरक आहे तो टॉपशीटच्या आतल्या बाजूच्या दाण्यांचा. ०५ चे दाणे जाड आणि दाट, म्हणून फिरकी जास्त आणि कमान उंच. ६४ चे बारीक आणि विरळ, म्हणून चेंडू आत शिरतो, कमान सपाट, वेग जास्त. ८० मधलं. फिरकी कमी वाटते म्हणून स्पंज बदलत बसण्याआधी हे दाणे बघावेत.

---

बॅकहँड_ब्लॉकर

शॉर्ट पिंपलचा सल्ला केदारनी उल्लेखही न करता सोडला, तो इतका टाकाऊ नाही. शॉर्ट पिंपलला समोरची फिरकी कमी लागते, त्यामुळे साइडस्पिन सर्व्हिसवरचा दुसरा प्रश्न बराच सुटतो. टेबलालगत ब्लॉक केला की चेंडू समोर जाऊन खाली बसतो आणि समोरचा जाळ्यात मारतो. जपानची मिमा इतो बॅकहँडला शॉर्ट पिंपलनेच खेळते.

अंडरस्पिन शॉर्ट पिंपलने उचलायचा नसतो, मारायचा असतो. चेंडू उसळून वर पोचला की त्याच क्षणी, बॅट थोडी उघडी (वरची कड मागे झुकलेली) ठेवून, मागून पुढे सरळ. खालून वर घासायला गेलात तर घसरून नेटमध्येच जाणार, कारण पकड कमी आहे. म्हणजे वेळ साधावी लागते आणि चेंडू वरच्या टप्प्यावरच घ्यावा लागतो. खाली येऊ दिला की संपलं.

स्पंज १.५ ते १.८. २.० च्या वर गेलात तर ते अर्धवट इन्व्हर्टेडसारखं (दाणे आत, बाहेरून सपाट अशा रबरासारखं) वागायला लागतं, ना पुरेशी फिरकी मिळते ना चेंडू बसतो.

---

केदार_टीटी

@बॅकहँड_ब्लॉकर, मुद्दा बरोबर आहे. मी टाळलं ते एवढ्यासाठी की मधुरांना अजून बॅकहँड टॉपस्पिन यायचाय. तो न शिकता पिंपलकडे गेलं की पुढे परतणं अवघड जातं. ज्यांचा बॅकहँड लूप शिकून झालाय आणि तरीही ज्यांना मारायलाच आवडतं, त्यांना शॉर्ट पिंपल मीही सुचवीन.

---

मधुरा_डोंबिवली

खूप स्पष्ट झालं. दोन शंका. जाडी १.८ घ्यायची की २.० की मॅक्स? आणि वजनाचं गणित कसं मांडायचं? तयार बॅट साधारण १६० ग्रॅमची होती.

---

केदार_टीटी

वजन: ब्लेड ८६, कापलेलं वेगा प्रो २.० साधारण ४७, बॅकहँडचं मऊ रबर साधारण ४३, गोंद आणि कडेची टेप मिळून ४-५. म्हणजे १८० च्या आसपास. तुमच्या सवयीपेक्षा २० ग्रॅम जास्त, आणि ते सगळं बॅटच्या डोक्याकडे. पहिले दोन-तीन आठवडे मनगट दुखू शकतं, सराव हळूहळू वाढवा. फोरहँडला हरिकेन घेतलं असतं तर एकट्या त्या बाजूचं वजन ५० च्या पुढे गेलं असतं. रबराचं वजन कुठे दिलेलं असेल तर ते बहुधा न कापलेल्या चौकोनी रबराचं असतं, कापल्यावर त्याच्या सुमारे दोन तृतीयांश उरतं. दुकानात काटा असेल तर दोन-तीन पाकिटं तोलून हलकं उचला, एकाच रबराच्या दोन पाकिटांत ३-४ ग्रॅमचा फरक सहज असतो.

जाडी: १.८ वर चेंडू जोराने लागला की स्पंज पूर्ण दबून लाकूड लागल्यासारखं वाटतं. ब्लॉक करणाऱ्याला ते हवं असतं, कारण चेंडू अंगावरून उडत नाही. लूप मारणाऱ्याला नको असतं, कारण चेंडू बॅटवर टिकत नाही. तुमचा बॅकहँड ब्लॉककडे झुकलेला आहे म्हणून तिकडे १.८ चालेल, फोरहँडला २.०. मॅक्स आत्ता नको. मॅक्स म्हणजे बहुतेक २.१ ते २.३ चा स्पंज, आणि गोंदासकट एका बाजूची एकूण जाडी नियमाने ४.० मिमीच्या आत असावी लागते. काही रबरांचं मॅक्स, वर गोंदाचे चार थर, असं केलं की स्पर्धेत बॅट तपासताना ती नापास होते.

---

नितीन_वेटरन

धागा चांगला चाललाय, माझाही प्रश्न घुसडतो. वय ५८, बॅकहँडला आता पाय पोचत नाहीत. क्लबमध्ये समवयस्कांकडे लाँग पिंपल आहेत. घ्यावेत का? स्पंजवाले की बिनस्पंजाचे?

---

चॉपर_नाशिक

नितीनजी, घ्यायला हरकत नाही, फक्त ते नेमकं काय करतात ते माहीत असू द्या, नाहीतर पहिले दोन महिने स्वतःचीच फजिती होते.

लाँग पिंपलचे दाणे लांब, बारीक आणि लवचिक असतात. चेंडू लागला की वाकतात, घासून पकडत नाहीत. त्यामुळे समोरून आलेली फिरकी बऱ्याच प्रमाणात तशीच चालू राहते. चेंडूची दिशा उलटते, फिरणं उलटत नाही. म्हणून त्याचा टॉपस्पिन तुमच्याकडून अंडरस्पिन होऊन परत जातो. त्याने जितकी जड फिरकी दिली तितकी जड परत मिळते. आता उलट बाजू: त्याने अंडरस्पिन पुश केला आणि तुम्ही नुसता पुश केलात, तर चेंडू हलक्या टॉपस्पिनने तरंगत जातो आणि तो ठोकतो. आणि त्याने फिरकी न देता चेंडू दिला, तर तुमच्याकडून जाणाराही मेलेलाच असतो. लाँग पिंपलवर खेळायला सरावलेली मंडळी नेमकं हेच करतात: बिनफिरकीची लांब सर्व्हिस पिंपलवर, आणि परत येणारा सैल चेंडू मारायचा.

त्यामुळे तीन गोष्टी शिकाव्या लागतील.

टॉपस्पिनवर ब्लॉक: बॅट जवळजवळ उभी, मनगट सैल, चेंडू उसळताच घ्यायचा आणि किंचित खाली ओढायचा. ढकललंत तर लांब जातो.

अंडरस्पिनवर पुश करायचा नाही, पिंपलनेच पुढे ढकलून हल्ला करायचा. चेंडू फिरतोयच, दाणे त्याला टॉपस्पिन करून पाठवतात, बॅट पुढे आणि थोडी वर नेली की पुरे.

बॅट हातात फिरवणं. मनिका बत्रा बॅकहँडला लाँग पिंपल ठेवते आणि रॅलीत बॅट फिरवून इन्व्हर्टेड रबर पुढे आणते. समोरच्याला हवा तो चेंडू सलग दोनदा मिळत नाही. हँडल फ्लेअर्डपेक्षा सरळ असेल तर फिरवायला सोपं जातं.

स्पंज: टेबलाला चिकटून ब्लॉक करायचं असेल तर बिनस्पंजाचं, ज्याला ओएक्स म्हणतात. मागे जाऊन चॉप (वरून खाली कापत अंडरस्पिन) करायचं असेल तर १.० ते १.५ स्पंज, म्हणजे चेंडू बॅटवर थोडा थांबतो आणि स्वतःची फिरकी घालता येते. पाय पोचत नाहीत म्हणालात, म्हणजे तुम्हाला ओएक्स. वजनही बरंच उतरेल, बॅटचा तोल फोरहँडकडे जाईल, ते दोन दिवसांत जमतं. पण ब्लेड संथ हवं. वेगवान कार्बन ब्लेडवर ओएक्स लावलं की ब्लॉक टेबलाबाहेर जातात, आणि लोक दोष पिंपलला देतात.

२०१४ नंतर प्लास्टिकचा चेंडू आला, त्यावर फिरकी आधीपेक्षा कमी बसते, म्हणून लाँग पिंपलमधून परत जाणारी फिरकीही घटली. जुन्या मंडळींचं ऐकून अवाजवी अपेक्षा ठेवू नका.

---

नियमावली

वरच्यात भर. घसरगुंडीसारखे, अजिबात घर्षण नसलेले लाँग पिंपल २००८ पासून बाद आहेत. दाण्यांची उंची त्यांच्या जाडीच्या १.१ पटीपेक्षा जास्त चालत नाही. जुन्या बॅटवरचं रबर स्वस्तात घेताय तर ते आयटीटीएफच्या (आंतरराष्ट्रीय टेबल टेनिस महासंघाच्या) चालू यादीत आहे का ते पाहा, यादी वेळोवेळी बदलते. उन्हात तापवून दाणे गुळगुळीत केलेलं रबर यादीत असलं तरी अवैध. तेच इन्व्हर्टेड रबरावर बूस्टर (स्पंज फुगवणारं तेल) लावण्याचं: कारखान्यातून बाहेर आल्यावर रबरात फेरफार करायला परवानगी नाही, क्लबमध्ये कितीही जण लावत असले तरी.

रंग: एक बाजू काळी पाहिजेच. दुसरी पूर्वी फक्त लाल होती, ऑक्टोबर २०२१ पासून गुलाबी, जांभळा, हिरवा, निळाही चालतो. रबर चिकटवताना कंपनीचं नाव आणि आयटीटीएफचं चिन्ह हँडलकडच्या कडेला दिसलं पाहिजे. कापताना ते उडवू नका.

---

प्रशिक्षक_ठाणे

लहान मुलांच्या पालकांसाठी इथेच लिहितो, कारण मला हाच प्रश्न सगळ्यात जास्त येतो. दहा-बारा वर्षांच्या मुलाला मॅक्स जाडीचं महाग टेन्सर देऊ नका. स्पंज फेकतो म्हणून मूल हात अर्धाच फिरवतं, आणि ती अर्धी फिरवण्याची सवय पुढे जाता जात नाही. १.५ ते १.८ मिमी, मऊ-मध्यम, कमी उसळीचं. चिकट चिनी रबरही चालतं, पण मऊ स्पंजाचं. ७२९ नावाच्या साध्या चिनी रबरावर घासण्याची हालचाल छान बसते. मूल पूर्ण हात फिरवूनही चेंडू टेबलावरच पडतोय आणि अजून जोर हवा असं दिसलं, तेव्हा जाडी वाढवा. वय बघून वाढवू नका.

---

मधुरा_डोंबिवली

वेगा प्रो २.० आणि मार्क व्ही १.८ ठरलं. आता चिकटवायचं स्वतःच. पावसाळ्यात काही वेगळी काळजी?

---

सांगलीकर

पाण्याचा गोंद घ्या. वासाच्या सॉल्व्हंटवाल्या स्पीड ग्लूला २००८ मध्येच बंदी आली.

स्पंजवर दोन पातळ थर, ब्लेडवर एक. स्पंज छिद्रांतून पहिला थर पिऊन टाकतो म्हणून दोन. गोंद ओतून सोबत आलेल्या स्पंजच्या तुकड्याने एकाच दिशेने ओढा. पुढेमागे घासत राहिलात तर वाळत आलेल्या गोंदाच्या गुठळ्या होतात आणि त्या जागी रबरावर उंचवटा राहतो. पांढरा दुधी गोंद पूर्ण पारदर्शक झाला की वाळला. कोरड्या हवेत वीसेक मिनिटं, जुलैत डोंबिवलीला तासही लागेल. पंख्याखाली ठेवा, हेअर ड्रायर गरम करून लावू नका.

ओल्या गोंदावर चिकटवलं तर काय होतं: ओला स्पंज फुगलेला असतो. चिकटवून कापल्यावर तो वाळून आकसतो आणि आठवड्यात कडा ब्लेडच्या आत सरकतात, कधी टोकाला उचकटतात. ताणून चिकटवलं तरी हेच होतं. म्हणून हँडलपासून सुरुवात करून, रबर न ओढता, गोल बाटली किंवा लाटणं फिरवत पुढे जा. मधे हवा राहिली तर तिथे चेंडू ठप्प वाजतो.

मग जाड पुस्तकांखाली तासभर दाबून ठेवा. कापताना बॅट उलटी, रबर खाली, धारदार कटरने लाकडाच्या कडेला टेकवून एका दमात. कात्रीने कापायचं तर लांब पात्याची घ्या, छोट्या कात्रीने कडेला दातेरी होतं. कडेची टेप १० मिमीची.

ब्लेड नवीन आहे, तर चिकटवण्याआधी पातळ वॉर्निशचा एक हात द्या, रात्रभर वाळवा. नाहीतर पुढच्या वेळी रबर काढताना वरच्या प्लायचे तंतू सुटून येतात. काढताना हँडलच्या कोपऱ्यापासून तिरकं, अगदी सावकाश.

---

बॅकहँड_ब्लॉकर

खेळून झालं की साध्या पाण्याने ओलसर केलेल्या स्पंजने पुसायचं, वाळलं की रबरावर चिकटणारी पातळ प्लास्टिक फिल्म लावायची. तळहाताने पुसू नका, हाताचा घाम आणि तेलकटपणा टॉपशीटला खातो. पिंपलवर फिल्म लावायची नाही, मऊ ब्रशने झटकायचं. आणि बॅट बंद गाडीत उन्हात कधी ठेवू नका.

---

मधुरा_डोंबिवली

शेवटचं. लावल्यावर निवड बरोबर झाली का हे कसं ओळखू? आणि कधी बदलायचं?

---

केदार_टीटी

पहिल्या दिवशी मत बनवू नका, आठ-दहा तास खेळा. मग जोडीदाराकडून तीन गोष्टी करून घ्या.

बॅकहँडला जड अंडरस्पिनचे वीस चेंडू, तुम्ही टॉपस्पिनने उचला. बहुतेक नेटमध्ये जात असतील तर आधी हालचाल तपासा: बॅट चेंडूच्या खालून सुरू होतेय का. होत असूनही जात असतील तर आणखी मऊ किंवा थोडं जास्त उसळीचं रबर.

मग वीस टॉपस्पिन, तुम्ही नुसता ब्लॉक. लांब जात असतील तर बॅट अजून बंद करा, म्हणजे पुढे झुकवा. पूर्ण बंद करूनही लांब जात असतील तर स्पंज जाड झाला.

आणि वीस शॉर्ट सर्व्हिस, तुम्ही शॉर्टच परत टाका. परत गेलेला चेंडू समोरच्या टेबलावर दोनदा टप्पा घेतोय का मोजा. एकच टप्पा घेऊन बाहेर जात असेल तर त्या हळू चेंडूवरही रबर फेकतंय.

बदलायचं कधी: तुमच्या सहा तासांच्या आठवड्यात टेन्सर चार-पाच महिन्यांत उतरतं, मार्क व्ही त्याहून जास्त टिकतं. पुसून वाळवलेल्या रबरावर चेंडू दाबून ओढा. मधल्या भागात घसरतोय आणि कडेला पकडतोय, म्हणजे मधलं टॉपशीट संपलं. दोन्ही बाजू एकदम बदलू नका. फोरहँडचं आधी झिजेल, तेवढंच बदला, म्हणजे काय बदललं ते हाताला कळतं.